वाडीतले जुने चॅपल शूटिंगला द्यावे का?

प्रश्न: रेवदंड्याजवळ आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. वाडीत पणजोबांच्याही आधीपासूनचे घरचे चॅपल उभे आहे. आतून साधारण २० फूट रुंद, ४५ फूट लांब. चुन्यात बांधलेल्या जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौले, पश्चिमेच्या दारावर गाणाऱ्यांसाठीचा लाकडी माळा, पूर्वेला वेदी आणि जमिनीत दोन कोरीव थडग्यांच्या शिळा. मूर्ती गावच्या चर्चमध्ये नेल्या त्याला बरीच वर्षे झाली, मिस्सा (चर्चमधला प्रार्थनाविधी) होत नाही. आता एका वेब सिरीजच्या लोकेशन मॅनेजरला जागा पसंत पडली आहे. तीन दिवसांचे शूटिंग आहे, भाडे तुम्हीच सांगा म्हणतात. थोरले काका म्हणतात, देवाच्या जागेत हे नको. आम्हाला वाटते, त्या पैशातून निदान छप्पर तरी होईल. द्यावे का? दिले तर काय बघावे?
— एक वाचक, रायगड जिल्हा

उत्तर: द्यायला हरकत नाही, पण तीन दिवसांसाठी म्हणून देऊ नका. कॅमेरा तीन दिवस चालेल. त्याआधी दोन दिवस आर्ट डिपार्टमेंट आणि लाइटवाले येतील, नंतर एक दिवस आवराआवरीचा जाईल. शॉट चालू असताना जुन्या वास्तूला सहसा धक्का लागत नाही, कारण तेव्हा सगळे जागच्या जागी उभे असतात. गिलावा उडतो, शिळा फुटते, दाराची चौकट खरवडते ती सामान लावताना आणि मध्यरात्री पॅक-अपच्या घाईत, जेव्हा डायरेक्टर आणि प्रॉडक्शन मॅनेजर हॉटेलवर पोचलेले असतात. म्हणून करार सहा दिवसांचा करा आणि सहाही दिवस, शेवटची गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत, घरचे एक माणूस जागेवर ठेवा.

आता काकांचे म्हणणे. ते उडवून लावण्यासारखे नाही, त्याला चर्चच्या कायद्यातच आधार आहे. १९८३ च्या कॅनन लॉप्रमाणे (कलम १२१२) पवित्र वास्तू बव्हंशी पडली किंवा कायमची इतर वापराला गेली, मग ती लेखी आदेशाने असो वा प्रत्यक्षात, की तिचे पावित्र्य संपते. पण वेदीचा नियम वेगळा आहे. कलम १२३८ सांगते की वास्तू इतर वापराला गेली तरी तेवढ्याने वेदीचे पावित्र्य जात नाही, आणि कलम १२३९ प्रमाणे वेदी उपासनेशिवाय कशालाच वापरायची नाही. म्हणजे भिंती आणि छप्पर भाड्याने देता येईल, वेदीवर मेकअपची पेटी ठेवता येणार नाही.

जुन्या घरगुती चॅपलमध्ये वेदीच्या फळीत बहुतेकदा एक छोटी चौकोनी शिळा बसवलेली असते. तिच्यावर पाच क्रूस कोरलेले असतात आणि आत संतांचे अवशेष बंद केलेले असतात. धूळ झाडून आधी ती बघा. सापडली तर स्वतः उचकटू नका, धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या) फादरना बोलवा. काढून न्यायची की तिथेच ठेवायची ते त्यांनी ठरवू दे. रायगड जिल्हा मुंबईच्या महाधर्मप्रांतात (आर्चडायोसिसमध्ये) येतो, तेव्हा फादरांच्या मार्फत तिथे एक पत्र द्या आणि लेखी उत्तर मागा. (रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कुणाला असा प्रश्न पडला तर त्यांचे पत्र २००५ साली झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांताकडे जाईल, वसईकडच्यांचे १९९८ च्या वसई धर्मप्रांताकडे.) ते पत्र हातात आल्यावर काकांशी बोला. त्यांची हरकत बहुधा वेदीपाशीच अडलेली असेल आणि तिचा निकाल त्या पत्रात लागलेला असेल.

करारात मात्र स्पष्ट लिहा: वेदी आणि तिच्यापुढच्या पायऱ्या हद्दीबाहेर. कथेला वेदी हवीच असेल तर आर्ट डिपार्टमेंटने पुढे सहा फुटांवर प्लायची खोटी वेदी उभारावी, मागची खरी कापडाने झाकावी. हे त्यांच्या रोजच्या कामातले आहे, कुणी कुरकुरणार नाही. चॅपलमध्ये घडणाऱ्या प्रत्येक प्रसंगाचा सारांश सहीनिशी मागून घ्या. मृत्यू, लग्न, कबुली हे ठीक. भूत उतरवणे, विटंबना, वेदीसमोर प्रणय असले काही त्यात असेल तर आमचे मत सरळ आहे: नकार द्या, भाडे दुप्पट सांगितले तरी. वेब सिरीजवर गदारोळ झाला तर कंपनी मुंबईत असते आणि तुम्ही गावात. भारतीय न्याय संहितेची कलमे २९८ आणि २९९ प्रार्थनास्थळाची विटंबना व धार्मिक भावना दुखावणे यांसाठीच आहेत. गुन्हा टिकेल न टिकेल, पोलीस ठाण्याच्या खेपा मालकालाही चुकत नाहीत.

कागदांचे लवकर उरकू. सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा काढा. उताऱ्यावर जितके सहहिस्सेदार असतील तितक्यांची संमती हवी, मुंबईतल्या आत्यांची आणि दुबईतल्या चुलत भावाचीसुद्धा. नसेल येत कुणाला तर कुलमुखत्यारपत्र करून द्यावे. एका भावाने सही केली आणि दुसऱ्याने ऐन शूटिंगच्या सकाळी फाटकाला कुलूप लावले, तर नुकसानभरपाई सही करणाऱ्याच्या गळ्यात येते. चॅपल ट्रस्टच्या नावावर असेल तर विश्वस्तांचा ठराव घ्या. चार-सहा दिवसांच्या परवान्याला अडचण नाही, पण कंपनी कायमचा सेट म्हणून तीन वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा मागू लागली तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते.

रेवदंड्याला आणखी एक गोष्ट मोजावी लागते: कोटाचा तट. सगळे गावच जुन्या पोर्तुगीज कोटात वसले आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. तुमची जागा खासगी असल्याने आत चित्रीकरणाला पुरातत्त्व खात्याचा परवाना लागत नाही. पण त्या पट्ट्यात बांधकाम नको, छपराच्या दुरुस्तीलाही राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते. सेटवाले 'फक्त चार खांब पुरतो' म्हणतील, पुरू देऊ नका. त्यांना तटावर किंवा कोटातल्या अवशेषांत शॉट हवा असेल तर परवाना त्यांनी स्वतः काढावा. रस्ता, किनारा, जेट्टी या सरकारी जागांसाठी चित्रनगरीच्या महामंडळाची एक खिडकी योजना आहे. स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवणेही निर्मात्याचेच काम, त्या पत्राची पोच मात्र तुमच्या फाइलला हवी. ड्रोन उडवणार असतील तर 'डिजिटल स्काय' या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागेचा रंग कोणता ते आधी दाखवायला सांगा. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत उडवता येते, पण व्यावसायिक कामाला रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागते. चॅपलच्या आत ड्रोन कधीच नाही. पंख्याचा वारा वाशांवरची वर्षानुवर्षांची धूळ आणि वटवाघळांची विष्ठा खाली आणतो, आणि दिवसभराचे काम बसते.

जाहिरातीत 'पोर्तुगीजकालीन' लिहायचा मोह होईल. चौल-रेवदंडा १७४० मध्ये मराठ्यांकडे आले, म्हणजे हा शब्द लावायचा तर वास्तू त्याआधीची असल्याचा पुरावा हवा. कौलावर १८६५ हा आकडा दिसला तर हुरळू नका. तो मंगलोरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना सुरू झाल्याचा सन आहे, तुमचे कौल पाडल्याचा नव्हे. दाराच्या किंवा थडग्याच्या शिळेवर कोरलेली तारीख असेल तेवढीच सांगा.

आता खरी काळजीची गोष्ट, म्हणजे चुना. चुन्याचा गिलावा सिमेंटइतका कडक नसतो आणि जांभ्यावर तो पापुद्र्यासारखा बसलेला असतो. त्यावर गॅफर टेप चिकटवून ओढली की टेपबरोबर हातभर तुकडा येतो. खिळा ठोकला की आवाज पोकळ येतो आणि भोवती जाळीसारख्या भेगा पडतात. तेव्हा भिंतीला टेप, खिळा, स्क्रू, स्टेपल काहीही नाही. पडदे, चित्रे, क्रूस, जे टांगायचे ते जमिनीवर उभ्या केलेल्या चौकटीवर टांगावे आणि ती चौकट भिंतीपासून किमान चार इंच दूर असावी. भिंतीचा रंग बदलायचा असेल तर चुन्याची सफेदी, त्यात हवी ती पिवडी किंवा गेरू. प्लास्टिक इमल्शन अजिबात नको. जांभा पावसात पाणी पितो आणि नंतर ते गिलाव्यातून बाहेर टाकतो. वर प्लास्टिकचा थर बसला की पाणी आत कोंडते, क्षार फुगतात आणि एक-दोन पावसाळ्यांत गिलावा पोपडे धरून गळतो. 'शूटिंग झाले की पुन्हा पांढरे करून देऊ' या आश्वासनात कोणते पांढरे ते लिहून घ्या.

लाकडी माळ्यावर कॅमेरामनचा डोळा जाणारच, वरून वेदीपर्यंतचा सरळ शॉट तिथूनच मिळतो. पण तुळयांची टोके भिंतीत गेलेली असतात आणि कुजतात तिथेच, बाहेरून लाकूड ठणठणीत दिसत असताना. टोकांपाशी स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा, सहज आत गेला तर माळा बंद. न गेला तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी शेरा मिळेपर्यंत कुणाला वर सोडू नका. त्या तपासणीचा खर्च निर्मात्याकडून घ्या. मिळालेल्या शेऱ्यात माणसे आणि किलो दोन्ही आकडे असावेत. छपराचे याहून सोपे आहे: वाशांना, तुळईला, आढ्याला काहीही लटकवायचे नाही. मंगलोरी कौल दोन-अडीच किलोचे, चौरस मीटरला १५ च्या आसपास बसतात. म्हणजे छपरावर चौरस मीटरला ३५ किलो आधीच आहेत. वर चढून कौल सरकवून 'ऊन आत सोडायची' मागणी हमखास येते. कौल काढायचेच तर गावच्या शाकारणीवाल्यानेच (दरवर्षी कौले चाळून बसवणाऱ्यानेच) काढावे आणि त्यानेच बसवावे. लाइटबॉय कौलावरून चालला की ती रांग जूनमध्ये गळते आणि तोवर कंपनी दुसऱ्या गावी असते.

थडग्यांच्या शिळांवर आधी फेल्ट किंवा जाड घोंगडी, त्यावर १८ मिलिमीटरचे प्लाय. नुसते प्लाय टाकले तर खालचा वाळूचा कण शिळेवरची अक्षरे घासतो. डॉलीचे (कॅमेऱ्याच्या ढकलगाडीचे) रूळ, क्रेनचा पाया, लाइटचे स्टँड शिळेवर येणार नाही असा जमिनीचा नकाशा काढून त्यावर खुणा करा. अक्षरे उठून दिसावीत म्हणून तेल, खडू किंवा पाणी लावू देऊ नका. बाजूने तिरका लाइट मारला की ती वाचता येतात.

आगीचे सांगायलाच हवे. मेणबत्त्या शेकड्यांनी मागतील. काजळी चुन्यावर बसली की धुऊन जात नाही. जवळच्या शॉटसाठी दहा-बारा खऱ्या, पितळी थाळीत, आणि मागच्या सगळ्या एलईडीच्या. धुराचे यंत्र पाण्यावर चालणारे असावे, तेलावरचे नको, त्याचा तवंग लाकडावर आणि गिलाव्यावर राहतो. लाइटपाशी साडेचार किलोचे दोन कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर आणि दाराशी पाण्याच्या व वाळूच्या बादल्या ठेवायला लावा. पावडरचा सिलिंडर आत फोडला तर आग विझेल, पण ती पावडर दमट हवेत धातू खाते आणि कोरीवकामाच्या खाचांतून निघत नाही, म्हणून तो बाहेर जनरेटरपाशी ठेवा. घराच्या मीटरवरून लाइट जोडू देऊ नका. १६ अँपिअरच्या सॉकेटमधून फार तर साडेतीन किलोवॉट निघतात, सिनेमाचा एक मोठा दिवाच त्याहून जास्त मागतो. जनरेटर त्यांचा, अर्थिंग त्यांचे, आणि तो चॅपलपासून किमान ४०-५० मीटर लांब. हे अंतर तुमच्या भिंतींसाठी जितके, तितकेच त्यांच्या आवाजासाठी.

आवाजावरून एक सांगतो. अशा वास्तूत टाळी वाजवली की घुमत राहते, म्हणून साउंडवाले जमिनीवर सतरंज्या आणि मागे रजया लावतील, त्या लावू द्या. पण समुद्राचे काय करणार? लोकेशन मॅनेजर बघायला आला त्या दिवशी ओहोटी असेल तर त्याला शांतता वाटलेली असते. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. शूटिंगच्या तारखांचे भरतीचे वेळापत्रक त्याला द्या, पहाटे मासेमारीच्या होड्यांची इंजिने कधी सुरू होतात तेही सांगा. उन्हाचेही तसेच. तुमची लांब भिंत दक्षिणेला आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही सूर्य तुमच्याकडे सुमारे ४८ अंशांवरच असतो, म्हणून खिडकीची वरची कड जमिनीपासून १० फुटांवर आणि वळचण फार पुढे नसेल तर अडीच फूट जाडीच्या भिंतीतूनही ऊन सहा-सात फूट आत पडते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे झुकलेला असतो, तेव्हा त्या खिडक्यांतून दुपारी ऊन येतच नाही. पश्चिमेच्या दारातून सरळ वेदीपर्यंतचा प्रकाश सूर्यास्ताआधीच्या तासाभरात मिळतो, तोही विषुवदिनांच्या सुमारास, मार्च आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात. सप्टेंबरचा भरवसा नाही, तेव्हा मार्च. हे आधी सांगितले की 'ऊन मिळाले नाही' म्हणून चौथा दिवस फुकट मागायला तोंड राहत नाही. तारखा नोव्हेंबर ते एप्रिलमध्येच द्या. मे महिना शाकारणीला लागतो, आणि पावसात भिंती ओल्या असताना आतला गिलावा बोटानेही सुटतो. शिमग्याचे दिवस टाळा, गावात माणूस मिळणार नाही आणि रात्री ढोल थांबणार नाहीत.

वाडी विसरू नका. व्हॅनिटी (कलाकारांच्या मेकअपची, आत संडास असलेली गाडी) आणि जनरेटरच्या गाड्या पाटावरून गेल्या की पाट दबतो आणि पोफळीचे पाणी तुटते. गाड्या रस्त्यालगत उभ्या कराव्यात, सामान हातगाडीने आणावे. डिझेलच्या टाकीखाली पत्र्याचा ट्रे हवा, विहिरीपासून दूर. व्हॅनिटीची मैल्याची टाकी वाडीत किंवा खाडीत रिकामी करणार नाही, हे वाक्य करारात असलेच पाहिजे. कारण करतात. चॅपलच्या आत एका वेळी ३० माणसे पुरे, बाकीचे युनिट झाडाखाली बसू दे.

पैशांकडे येऊ. आकडा आम्ही सांगणार नाही, तो शेजारच्या बंगल्यांना काय मिळते यावर ठरतो. पण मांडणी अशी ठेवा: शूटिंगच्या दिवसाचा दर १२ तासांच्या शिफ्टचा, त्यावर प्रत्येक तासाला जादा दर. तयारीचे आणि आवराआवरीचे दिवस निम्म्या दराने. सेट तसाच ठेवून युनिट दुसरीकडे गेले तर त्या दिवसाचाही दर. सगळी रक्कम पहिली गाडी आत येण्यापूर्वी खात्यावर, अनामत वेगळी. 'नाव पडद्यावर देऊ' हा मोबदला नव्हे. भाड्यावर दहा टक्के टीडीएस कापला जाईल, त्याचे प्रमाणपत्र मागा. वर्षाची सेवांची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर तुम्हाला जीएसटीची नोंदणी लागत नाही. करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करा आणि त्यात ही तीन कलमे घाला, बहुतेक नमुन्यांत ती नसतात. पहिले: निर्मात्याच्या विम्यात तृतीय पक्षाच्या दायित्वाबरोबर तुमच्या वास्तूचे नुकसानही धरलेले असावे आणि पॉलिसीत मालक म्हणून तुमचे नाव असावे. दुसरे: चित्रण याच मालिकेपुरते, जाहिरातीला किंवा दुसऱ्या मालिकेला विकायचे तर नव्याने परवानगी. तिसरे: थ्रीडी स्कॅन करायचा नाही. हल्ली लेझरने अख्खी वास्तू तासाभरात टिपतात, आणि मग पुढचे शूटिंग तुमच्या चॅपलमध्ये, पण स्टुडिओतल्या पडद्यावर होते. स्कॅन हवाच असेल तर त्याचा दर वेगळा आणि लेखी.

गाड्या येण्याच्या आदल्या दिवशी दारापासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने भिंती, जमीन, माळा, छप्पर असे फोटो काढा, प्रत्येकात फूटपट्टी दिसू द्या. भिंतीतल्या प्रत्येक भेगेच्या टोकाशी पेन्सिलने बारीक आडवी रेघ आणि तारीख. या फोटोंवर प्रॉडक्शन मॅनेजरची सही घ्या आणि ते कराराला जोडा. अनामत १५ दिवसांनी परत करायची. भेग रेघेपुढे सरकली असेल तर ती तोवर दिसते, पॅक-अपच्या रात्री बॅटरीच्या उजेडात दिसत नाही.

आणि छपराचे पैसे छपरावरच घालायचे ठरले तर आधी कुजलेले वासे आणि रिपा बदला, मग कौले चाळून फुटकी तेवढी बदला. जुनी चांगली कौले फेकून पत्रा टाकू नका, तसे केले तर पुढच्या लोकेशन मॅनेजरला तुमच्याकडे बघायला काही राहणार नाही. गिलावा जिथे निघाला असेल तिथे भिजवून मुरवलेला चुना एक भाग आणि धुतलेली नदीची वाळू तीन भाग, पातळ दोन-तीन थरांत, प्रत्येक थर काही दिवस गोणपाटाने ओला ठेवून. खाडीची वाळू नको, तिच्यातले मीठ भिंतीत राहते. हे काम मार्चअखेरपर्यंत संपत असेल तर शूटिंगनंतर लगेच करा, शूटिंग त्यानंतर असेल तर पावसाळा संपल्यावर, कारण चुन्याला पावसाआधी सुकायला दोन महिने तरी मिळायला हवेत. गवंडी 'सिमेंटने एका दिवसात करून देतो' म्हणाला तर दुसरा गवंडी बघा.